ऑक्टोपसची झाली पेन्सिल

मोबाइल इथंच ठेवून या. जिथं जायचंय तिथं गूगल अजून जन्माला आलेलं नाही. एखादा शब्द अडला तर शब्दकोश उघडायचा, नाहीतर शेजारच्याला विचारायचं, तिसरा आधार नाही.

1995 चा फेब्रुवारी. वॉशिंग्टन राज्यातलं रेडमंड. तुम्ही निन्टेन्डो ऑफ अमेरिकाच्या कचेरीत मार्कस लिंडब्लॉमच्या खुर्चीत बसला आहात, म्हणजे आजपुरते तुम्हीच मार्कस. आदल्या वर्षी 27 ऑगस्टला जपानमध्ये 'मदर 2' नावाचा गेम आला. तो अमेरिकेत 'अर्थबाउंड' म्हणून आणायचा आहे. डॅन ओसेन यांनी सुमारे दहा टक्के मजकूर उरकला आणि ते दुसऱ्या कामावर गेले. जाता जाता फर्मास काही ओळी मात्र ठेवून गेले: आकाशातून टपकणारा फोटोग्राफर सगळ्यांना 'फझी पिकल्स' म्हणायला लावतो, ती त्यांचीच. उरलेलं सगळं तुमच्या टेबलावर. संवाद तर आहेतच, शिवाय मारामारीत झळकणाऱ्या ओळी आणि वस्तूंची नावंसुद्धा.

मदतीला मासायुकी मिउरा आहेत. ते जपानी मजकुराचं भाषांतर करून देतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाक्य कुठल्या सुरात म्हटलंय ते सांगतात. हा सूर समजणं सोपं नाही. मूळ लेखक शिगेसातो इतोई, जपानमध्ये जाहिरातींच्या ओळी लिहून नाव काढलेला माणूस. त्यांनी हा गेम लिहिला म्हणण्यापेक्षा सांगितला. ते बोलत गेले आणि सहकाऱ्यांनी उतरवून घेतलं. पडद्यावर कांजी नाही, सगळं काना लिपीत, लहान पोरानं घडाघडा वाचावं असं. इतोईंना एक फोन करून विचारावं असं तुम्हाला दहादा वाटेल. पण या सगळ्या कामात त्यांच्याशी तुमचं एकदाही बोलणं होणार नाही.

कामाला लागलात की खरी अडचण समोर येते. गेम घडतो ईगललँड नावाच्या देशात. टोपी घातलेला नायक नेस बेसबॉलची बॅट घेऊन राक्षस बडवत फिरतो, भूक लागली की बर्गर खातो, एटीएममधून पैसे काढतो. बाप फक्त फोनवर भेटतो आणि खात्यात पैसे भरतो. ही अमेरिकाच आहे, पण जपानी माणसानं लांबून पाहिलेली. ओसाकातल्या पोराला ती परदेशी आणि म्हणून गमतीची वाटते. ओहायोतल्या पोराला बर्गरचं काय नवल? तेव्हा परक्यानं आपल्याकडं टाकलेली तिरकी नजर तुम्हाला आपल्याच माणसांपुढं मांडायची आहे, आणि तिचा तिरकेपणा जाऊ द्यायचा नाही. कचेरीनं एका बाबतीत हात मोकळे सोडलेत: मजकूर हवा तेवढा विचित्र करा, पण तो अमेरिकन वाटला पाहिजे.

आता ऑक्टोपसकडं वळा.

एका दरीच्या वाटेवर लोखंडी ऑक्टोपस आडवा बसलाय. का बसलाय? काही कारण नाही, गेमच तसा आहे. ॲपल किड नावाचा गबाळा शोधक पोरगा तो नाहीसा करायचं यंत्र बनवून देतो. जपानीत त्याचं नाव 'ताको-केशी', ताको म्हणजे ऑक्टोपस, केशी म्हणजे खोडणं. खेळाडू गालात हसतो आणि पुढं जातो. बऱ्याच वेळानं, तो ते विसरलेला असताना, आणखी एक वाट अडते. या वेळी आडवी येते 'कोकेशी', म्हणजे जपानची पारंपरिक लाकडी बाहुली. तिला खोडायला 'कोकेशी-केशी' यंत्र. पहिल्या विनोदानं चुपचाप पेरून ठेवलेलं 'केशी' इथं उगवतं.

इंग्रजीत शब्दशः आणलंत तर ऑक्टोपस खोडणारं यंत्र आणि बाहुली खोडणारं यंत्र एवढंच हाती लागतं. ना हसू, ना दुवा. तळटीप द्यायची सोय पडद्यावर नाही, आणि टीप देऊन हसवायची वेळ आली तर विनोद मेलेलाच असतो. म्हणून अमेरिकन आवृत्तीत चित्रच बदललं. ऑक्टोपसच्या जागी लोखंडी पेन्सिल उभी राहिली, आणि तिला घालवायला पेन्सिल खोडणारं यंत्र, 'पेन्सिल इरेझर'. इंग्रजीत हे पेन्सिलीमागच्या रबराचंही नाव. पुढं बाहुलीच्या जागी भलंमोठं खोडरबर, त्याला 'इरेझर इरेझर'. सांधा तोच, हसूही त्याच ठिकाणी, मूळचा शब्द मात्र एकही शिल्लक नाही. शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' करताना पुलंनी केलं, त्याच जातीचं हे काम.

एवढ्यात नियमांचा कागद येतो. धर्म नको, दारू नको, दुसऱ्याचा ट्रेडमार्क नको. मग इस्पितळावरचा लाल क्रॉस काढा, थडग्यांवरचे क्रॉस काढा, ट्रकवरचं कोका-कोलासारखं चिन्ह पुसा. मॅजिकंट नावाच्या स्वप्नातल्या मुलखात नेस नागडा फिरतो, त्याला कपडे चढवा. गेममधल्या एका निळ्या पंथाच्या लोकांचे टोकदार बुरखे कू क्लक्स क्लॅनची आठवण करून देतात, ते बदला. हा शेवटचा बदल शहाणपणाचा, यात वाद नाही. पण ऑक्टोपस जिथं आडवा बसला होता त्या दरीचं मूळ गेममधलं नाव होतं 'ग्रेटफुल डेड', चक्क अमेरिकन रॉक बँडचं. जपानमध्ये चाललेलं हे नाव नेमकं अमेरिकेत चाललं नाही, दरी झाली 'पीसफुल रेस्ट'.

मला सगळ्यात जास्त लागतं ते दारूच्या गुत्त्याचं. फोरसाइड शहरातल्या त्या गुत्त्याला जपानीत नाव आहे बोर्हेसचं! तिथूनच नेस मूनसाइड नावाच्या उलट्यापालट्या शहरात जाऊन पडतो, जिथं 'हो'चा अर्थ 'नाही' आणि 'नाही'चा 'हो'. आरसे आणि चक्रव्यूह यांत रमलेल्या त्या अर्जेंटिनी लेखकाला याहून चांगला सलाम काय असणार? इंग्रजीत गुत्त्याचा 'जॅकीज कॅफे' झाला, दारूची कॉफी झाली आणि त्या धामधुमीत बोर्हेसही गेला. तो तर दारू नव्हता.

तुम्हाला हळहळायला वेळ नाही. याच दिवसांत घरी मुलगी जन्मते. त्या दिवशी एक रजा, मग महिनाभर रोज चौदा तास काम, शनिवार-रविवार धरून. गेममधल्या एका पात्राला तुम्ही गुपचूप लेकीचं नाव देता. चित्रांमधले फेरफार मार्चपर्यंत चालतात, आणि गेम सलग खेळून बघता येतो तो थेट मे महिन्यात.

5 जून 1995 ला 'अर्थबाउंड' दुकानात लागतो. कंपनीनं जाहिरातीवर सुमारे 20 लाख डॉलर ओतलेत. मोहिमेचा नारा काय, तर हा गेम घाण मारतो. मासिकातला तुकडा खरवडला की खरोखरच दुर्गंधी येते. इतक्या नाजूक विनोदाचा इतका अडाणी परिचय क्वचितच कुणी करून दिला असेल. जपानमध्ये पाच लाखांवर प्रती गेल्या, अमेरिकेत जेमतेम एक लाख चाळीस हजार. कंपनीच्या लेखी गेम पडला.

आता परत या, मोबाइल घ्या. पडलेल्या त्या गेमला मागाहून असे वेडे चाहते मिळाले की 2013 मध्ये निन्टेन्डोनं तो वी यू यंत्रावर पुन्हा आणला, आणि युरोपला तर तो तेव्हा पहिल्यांदाच मिळाला. फेब्रुवारी 2022 पासून तो निन्टेन्डोच्या स्विच ऑनलाइन सेवेवर आहे. सदस्य असाल तर वेगळे पैसे पडत नाहीत. मजकूर तोच आहे, 1995 सालचा.