अठ्ठावीस पौंडांचा हिशेब

पैसा हे सर्व पापांचं मूळ आहे असं बायबलमध्ये लिहिलंय, हे वाक्य आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. खरं म्हणजे ते तसं लिहिलेलं नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दोष दिलाय तो पैशाच्या लोभाला. आणि त्याच्या जरा आधी, अन्नवस्त्र मिळालं की तेवढ्यात तृप्त असावं, असंही सांगितलंय.

ऐकायला सोपं वाटतं. पण ‘तेवढ्यात’ म्हणजे नेमकं कितीत? हा प्रश्न एका माणसाने जन्मभर आकड्यांत मांडला. त्याचं नाव जॉन वेस्ली (१७०३ ते १७९१). मेथडिस्ट पंथाचा संस्थापक म्हणून इतिहास त्याला ओळखतो. मला तो आठवतो त्याच्या जमाखर्चामुळे.

वेस्लीचे वडील सॅम्युअल हे इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात एपवर्थ गावचे धर्मगुरू. आई सुझाना. तिला एकूण १९ मुलं झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. १७०५ साली, तीस पौंडांहूनही कमी कर्जापायी, सॅम्युअलना लिंकनच्या तुरुंगात जावं लागलं. तेव्हा यॉर्कच्या आर्चबिशपांनी सुझानाबाईंना विचारलं, घरात कधी भाकरीवाचून राहायची वेळ आली का? त्या म्हणाल्या, भाकरी मिळाली नाही असं झालं नाही. पण ती आणायच्या आधीची काळजी आणि खाल्ल्यावर तिचे पैसे चुकते करायची काळजी एवढी, की घास गोड लागत नाही.

अशा घरात वाढलेला मुलगा गरिबीचं कौतुक करणं शक्यच नव्हतं. दारिद्र्य म्हणजे समाधान नव्हे, हे त्याने पाळण्यात असल्यापासून पाहिलं होतं.

पुढे १७२६ मध्ये वेस्ली ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचा फेलो झाला आणि हाती नियमित पैसा येऊ लागला. त्या काळातला एक हिशेब त्याने म्हातारपणी एका प्रवचनात सांगितलाय. ऑक्सफर्डच्या मंडळीतल्या एकाला वर्षाला ३० पौंड मिळत. तो २८ पौंडांत भागवी आणि २ पौंड दान करी. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले. खर्च २८, दान ३२. तिसऱ्या वर्षी ९०. खर्च २८, दान ६२. चौथ्या वर्षी १२०. खर्च तोच २८, दान ९२. हा ‘एक जण’ म्हणजे खुद्द वेस्लीच, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

मला या हिशेबात गंमत वाटते ती दानाच्या आकड्याची नाही, न हललेल्या २८ ची. पगार वाढला की गरजाही वाढतात हे आपण निसर्गनियमासारखं धरून चालतो. या माणसाने गरजेचा आकडा आधी ठरवला आणि मग मिळकत वाढू दिली.

आपल्याकडे तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. वेस्लीची रीत वेगळी. त्याने वही बुडवली नाही, अगदी १७९० पर्यंत लिहिली. पैशाच्या वापरावरच्या प्रवचनात त्याने तीन नियम सांगितले: जमेल तितकं मिळवा, जमेल तितकं वाचवा, जमेल तितकं द्या. पहिल्या नियमाला कुंपणही घातलं. स्वतःची तब्येत आणि मन बिघडवून मिळवायचं नाही, शेजाऱ्याचं नुकसान करून मिळवायचं नाही, दारू विकून तर नाहीच.

देणं म्हणजे केवळ भीक घालणं, असंही त्याला वाटत नव्हतं. लंडनमध्ये त्याने गरिबांसाठी उसनवारीचा निधी काढला. एका वेळी २० शिलिंग द्यायचे, ते दर आठवड्याला थोडे थोडे करून तीन महिन्यांत फेडायचे. सुरुवातीला जमले ३० पौंड १६ शिलिंग, आणि दीड वर्षात तेवढ्यावर २५५ माणसांची नड भागली. हल्लीच्या बचत गटांची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

याच निधीतून जेम्स लॅकिंग्टन नावाच्या एका चांभाराने ५ पौंड घेतले आणि जुन्या पुस्तकांचा धंदा वाढवला. होता होता तो लंडनमधला बडा पुस्तकविक्रेता झाला, स्वतःच्या घोडागाडीतून फिरू लागला. आणि १७९१ मध्ये आत्मचरित्र लिहून त्याने मेथडिस्टांचीच टर उडवली! (पुढे १८०४ मध्ये त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, ही गोष्ट वेगळी.)

एका लॅकिंग्टनचं काय घेऊन बसलात, वेस्लीच्या डोळ्यांदेखत सबंध पंथाचंच तसं होत चाललं होतं. १७८६ मध्ये त्याने लिहून ठेवलं की धर्म माणसाला कष्टाळू आणि काटकसरी बनवतो. कष्ट आणि काटकसर यांतून संपत्ती येते. आणि संपत्तीबरोबर गर्व आणि संसाराची ओढ वाढून धर्म निघून जातो. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच उतारा घेतलाय. वेस्लीला यावर एकच उपाय दिसत होता, तो म्हणजे तिसरा नियम. पण १७८९ च्या एका प्रवचनात तो विचारतो, ५० हजार मेथडिस्टांत हा तिसरा नियम पाळणारे ५०० तरी सापडतील का?

इथे मी थबकतो, कारण काटकसर हा आपल्या मध्यमवर्गाचा लाडका गुण. दिवे मालवा, पाठकोऱ्या कागदावर लिहा, दर महिन्याला काहीतरी शिल्लक टाका, हे आपण घरात आणि वर्गात शिकवत आलो, आणि ते चांगलंच आहे. पण काटकसर म्हणजे समाधान नव्हे. अतिशय साधं राहणाऱ्या माणसाचा जीवही बँकेच्या पासबुकात अडकलेला असू शकतो. उधळ्याचा लोभ निदान चारचौघांना दिसतो. काटकसरी माणसाचा लोभ सद्गुणाचे कपडे घालून येतो, त्यामुळे तो स्वतःलाही ओळखू येत नाही. वेस्लीच्या व्याख्येने तर आपण सगळे श्रीमंतच. पोटाला अन्न, अंगावर कपडा, डोक्यावर छप्पर आणि वर थोडं शिल्लक असेल, तो त्याच्या लेखी श्रीमंत.

वेस्ली २ मार्च १७९१ रोजी वारला. पुस्तकांतून त्याने आयुष्यात भरपूर मिळवलं होतं. मृत्युपत्रात त्याने सांगून ठेवलं होतं की शववाहिका नको, गाड्यांचा ताफा नको. सहा गरीब माणसांनी तिरडी उचलावी आणि त्यांना प्रत्येकी २० शिलिंग द्यावेत.

त्याचं सगळंच आपल्याला झेपणारं नाही. आजारपणं आहेत, म्हातारपण आहे, मुलांची शिक्षणं आहेत. २८ हा आकडा त्याचा होता, आपला वेगळा असेल. पण आपला काहीतरी आकडा असावा, आणि तो पगाराची किंवा पेन्शनची पुढची वाढ यायच्या आधी ठरलेला असावा, एवढं मला पटतं. वाढ हातात पडल्यावर ठरवायला बसलं, तर तो आकडा कधीच ठरत नाही.

असो. तुमचं काय मत? जरूर कळवा.