दहा तोंडांचा रावण आणि एक भुवई

शेगावहून बाळापूर ओलांडून पुढे दक्षिणेला गेलं की अकोला जिल्ह्यातला पातूर तालुका लागतो. या तालुक्यातल्या सांगोळा गावात रावणाची काळ्या पाषाणातली मूर्ती आहे. तिला दहा तोंडं आहेत, वीस हात आहेत. दसऱ्याला गावोगावी रावण जळतो, तेव्हा सांगोळ्यात त्याची पूजा होते आणि पिढ्यान्‌पिढ्या हाच रिवाज चालत आला आहे.

मूर्ती घडवणाऱ्या त्या अनाम पाथरवटापुढे जो पेच पडला असेल, तोच पुढे चित्रकारांपुढेही पडला. मान एक आणि तोंडं दहा, मग ती बसवायची कुठे? सगळी सारख्याच आकाराची काढली तर बघणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही. नजर ठरली नाही की धाकही वाटत नाही. खलनायक रंगवायचा तर आधी हा हिशेब सोडवावा लागतो आणि महाराष्ट्रातल्या कलावंतांनी तो निरनिराळ्या काळात निरनिराळ्या रीतीनं सोडवला.

सर्वांत जुन्या वाटांपैकी एक कुडाळजवळच्या पिंगुळीची. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारताच्या कथा गाताना चित्रांच्या पोथीतलं एकेक पान श्रोत्यांपुढे धरतात. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीनं कथा पुढे सरकते. चित्र बघणारा माणूस चार हातांवर बसलेला, म्हणून रेघ जाड हवी, डोळा मोठा हवा आणि हातातलं शस्त्र लांबूनही ओळखू यायला हवं. इथे बारकाव्यांना वाव नाही. आकाराचा ठसठशीतपणा हीच दहशत. ही परंपरा जपणाऱ्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

विदर्भाची वाट वेगळी आहे. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगितलं जातं. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या देत त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. रोगराई आणि संकट यांना तोंड नसतं. कारागीर त्यांना तोंड देतो, हातपाय देतो आणि मग लोकांना त्यांच्यावर ओरडता येतं. वऱ्हाड-नागपूरच्या मुलानं पाहिलेला पहिला खलनायक कित्येकदा कागदावरचा नसून रस्त्यावरून चाललेला, डोक्याहून कितीतरी उंच असा हाच असतो.

मग छापखाना आला. १८९४ साली राजा रविवर्म्यानं मुंबईजवळ घाटकोपरला शिळाछापाचा कारखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रं घराघरांत पोचली. त्याच्या गाजलेल्या जटायुवधाच्या चित्रात रावणाला एकच तोंड आहे. तलवार उगारलेली, जटायूचा पंख तुटलेला, सीतेनं तोंड झाकून घेतलेलं. दहा तोंडांचा पेच रविवर्म्यानं नऊ तोंडं वगळून सोडवला. रावण धिप्पाड पुरुष झाला आणि भीती त्याच्या कृतीत आली. सीतेनं झाकलेल्या चेहऱ्यामुळे ती दुप्पट झाली, कारण जे तिला बघवत नाही ते आपण बघत असतो.

खलनायकाला माणसाचा चेहरा देण्याची ही गोष्ट रंगभूमीनं आणखी पुढे नेली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगमंचावर आलं. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला आणि १९१० साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. त्या काळात पुराणातला दुष्ट रंगवणं म्हणजे चालू राज्यकर्त्याचा चेहरा रंगवणं होतं. १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की ते दृश्य कापावं लागलं.

अशा चित्र-नाट्याच्या संस्कारात वाढलेल्या मराठी चित्रकारांच्या हाती पुढे कॉमिक्स आलं. १९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही मराठी नावं तिच्याशी कायमची जोडली गेली. मुंबई–हावडा मार्गावरच्या स्टेशनांतले पुस्तकांचे स्टॉल, शाळेची वाचनालयं, मामाच्या घरातली पेटी अशा वाटांनी हे पातळ अंक गावोगावी गेले.

कॉमिक्सची चौकट हातभर नसते, बोटभर असते. तीत संवादाचा फुगा बसवायचा, पाठीमागचा राजवाडा बसवायचा आणि उरलेल्या जागेत कंस उभा करायचा. चित्रकार आधी पेन्सिलीनं कच्चं रेखाटन करतो, मग ब्रशनं शाई भरतो. धाक उतरतो तो या शाईत. भुवई नाकाकडे उतरती घेतली आणि ब्रश तिथे थोडा दाबला की रेघ जाड होते, तिची सावली डोळ्यावर पडते. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं तर माणूस घाबरलेला वाटतो. तेच बुबुळ पापणीखाली अर्धं दडवलं तर तो दुसऱ्याला घाबरवणारा होतो. फरक एका केसाचा असतो. मग नजरेची पातळी खाली आणायची, म्हणजे वाचक सिंहासनाच्या पायरीशी उभा आणि कंस वर. मुकुटाचं टोक चौकटीबाहेर गेलं तर उत्तमच, कारण चौकटीत न मावणारा माणूस आपोआप मोठा होतो.

वाईरकरांनी ‘कृष्ण’ रंगवला, त्यातल्या कंसासह. आणि मुलांच्या ‘टिंकल’मधला भोळा सुपंडीही त्यांनीच रंगवला. निर्दयपणा आणि भोळेपणा यांच्या भुवया एकाच ब्रशातून आल्या, फक्त कोन बदलला.

या चित्रभाषेचं एक वैगुण्य मात्र मान्य करायला हवं. असुर दाखवायचा म्हणजे त्याची कातडी गडद करायची, ही सोपी खूण या अंकांत वारंवार येते. अभ्यासकांनी तिच्यावर टीका केली आणि ती रास्त आहे. सावळ्या रंगाच्या देशातली मुलं तो अंक वाचत होती. दिलीप कदमांनी रंगवलेल्या ‘महाभारत’ मालिकेत जास्त अवघड वाट दिसते. दुर्योधनाला सुळे नाहीत, शिंगं नाहीत. भावांसारखाच मुकुट, भावांसारखाच पोशाख. तो दुष्ट ठरतो तो भर सभेत काय करतो त्यामुळे.

प्रताप मुळीक पुण्याचे. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेल्या त्यांच्या ‘स्केचिंग’ या पुस्तकावरून कित्येकांनी हात बसवला. १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी त्यांनी परशुराम शर्मांच्या कथेवरून ‘नागराज’ साकारला. हिरवी खवल्यांची कातडी, अंगात विष, मनगटातून सुटणारे साप अशी एरवी खलनायकाला शोभणारी सगळी सामग्री त्यांनी नायकाच्या अंगावर चढवली. कथेतही नागराज आधी दुष्टांचंच हत्यार असतो. प्रोफेसर नागमणी त्याला दहशतवाद्यांना भाड्यानं देण्यासाठी घडवतो. त्या अंकात भीती वाटते ती नागमणीची, आणि तो दिसायला साधा माणूस आहे.

सांगोळ्याच्या पाथरवटानं नऊ तोंडं वगळली नाहीत. दहाही कोरली, वीसही हात कोरले. दसऱ्याच्या दिवशी शेजारच्या गावांतून बांबू-कागदाच्या रावणाचा धूर उठतो, तेव्हा त्या काळ्या दगडापुढे नारळ फुटत असतो.