फुर्टवांगेनची अडगळ

साल १८५२. ब्लॅक फॉरेस्टमधलं फुर्टवांगेन. बूट झटकून तुम्ही घड्याळशाळेत शिरता. आत लाकडाचा भुसा, तेल आणि ओल्या लोकरीचा वास कोंडलेला. बाडेनच्या सरकारने दोन वर्षांपूर्वी ही शाळा काढली ती हौसेने नव्हे. अमेरिकेतून आलेल्या स्वस्त पितळी घड्याळांनी इथल्या घरोघरच्या कारागिरांचं कंबरडं मोडत आणलंय.

शाळेचा प्रमुख रोबर्ट गेर्विग. मुळातला इंजिनिअर, पुढे याच डोंगरांतून रेल्वे नेणारा. त्याने लोकांना सांगून ठेवलंय, जुनी घड्याळं असतील तर आणून द्या. लोक चक्रावलेत.

एक म्हातारा शेतकरी पोत्यातून असंच एक काढतो. "आज्याचं आहे. घेताय, की चुलीत घालू?"

हातात घ्या. सगळी चाकं लाकडी. काटा एकच, तासाचा. लंबक नाहीच, वर एक आडवी दांडी डावी-उजवीकडे झोके घेते आणि तिच्या खाचांत दोन चिमुकली वजनं अडकवलीत. ती बाहेर सरकवली की चाल मंदावते, आत घेतली की वाढते. खाली दोरीला चक्क दगड. मिनिटांचा हिशेब याच्याकडे मागायचा नाही. पण एकच खाच बाकीच्यांपेक्षा झिजलीय बघा : आज्याचं वजन बहुतेक तिथेच असायचं.

तुमची एकविसाव्या शतकातली बोटं शिवशिवतात. मळ काढावा, तुटका दाता बदलावा, थोडं पॉलिश... आवरा! जुनी घड्याळं चुलीपेक्षा अशा मायेनेच जास्त मेली असावीत.

शेजारचा विद्यार्थी मात्र कागद घेऊन चाकाचं माप उतरवू लागलाय. गेर्विगला हेच शिकवायचंय. मुलांनी जुनं उलगडावं आणि नवं घडवावं. या अडगळीतून पुढे जर्मन घड्याळ-संग्रहालय उभं राहणार आहे, हे इथे कुणाच्या गावीही नाही.

भिंतीवर एक नवं कोरं घड्याळ टांगलंय. नव्या धाटणीसाठी गेर्विगने १८५० साली स्पर्धा लावली, तेव्हा फ्रीडरिश आयझेनलोर या वास्तुकाराने रेल्वेच्या चौकीदाराच्या घरासारखी पेटी सुचवली होती. उतरतं छप्पर, वेलबुट्टी. जगभरच्या पर्यटकांच्या पिशव्यांतून जाणाऱ्या कुकू घड्याळाचं मूळ रूप ते हेच. तुम्हाला ते अतिपरिचयाने जरा बटबटीत वाटतं.

म्हाताऱ्याची नजर मात्र तिथेच खिळलीय. तो विद्यार्थ्याला कोपराने ढोसतो. "पोरा, जुनं फुकट दिलंय. हे जरा स्वस्तात बसेल का?"