बोर्डीच्या अंगणातील शाळा

मृगाचा पाऊस पडून शाळा उघडल्या, की हल्ली आपल्याकडे गावोगाव प्रवेशोत्सव होतो. दाराला तोरण बांधतात, नव्या बालकाच्या हाती फूल आणि खाऊ देतात. रिवाज मनोहर आहे, परंतु तो नवा मात्र नाही. ओसरीवर किंवा देवळात भरणाऱ्या पंतोजींच्या जुन्या शाळेतही पहिला दिवस मंगलच असे. पाटीपूजन होई, पंतोजींना नारळ आणि दक्षिणा मिळे, पोरांना खाऊ वाटला जाई. दुसऱ्या दिवसापासून मात्र धूळपाटी, पावकी-निमकीची घोकंपट्टी आणि छडी यांचा अंमल सुरू होई, आणि दडून बसलेल्या पोराला थोरली मुले उचलून शाळेत हजर करीत. स्वागत एका दिवसाचे आणि धाक वर्षभराचा, असा तो दस्तूर होता.

हा दस्तूर मोडण्याचे श्रेय ज्यांना द्यावयास हवे, त्यांत ताराबाई मोडक यांचे स्थान मला अग्रभागी दिसते. डॉ. मारिया माँटेसोरी यांनी 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडून, मुलांच्या उंचीची मेजे-खुर्च्या आणि हाताळावयाची साधने त्यांच्या स्वाधीन केली होती. त्या विचाराने भारावलेल्या गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. तेथे ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या, आणि 1926 मध्ये उभयतांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली.

तथापि बालमंदिराची ती सामग्री महागडी होती, आणि तिचा लाभ मुख्यत्वे शहरांतील सुस्थित घरांच्या मुलांनाच मिळे. हे शल्य ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. म्हणून वयाची पन्नाशी उलटल्यावर, 1945 मध्ये, मुंबईतील प्रस्थापित कार्य सोडून त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या, आणि पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, तरी गरिबांची मुले तिच्याकडे फिरकेनात. ज्या घरी आईबाप दिवस उजाडताच मजुरीस जातात, तेथे मुलाला न्हाऊमाखू घालून वेळेवर कोणी पाठवावे? तेव्हा मुलांची वाट पाहत बसण्याऐवजी शाळाच वस्तीवर नेण्याचा निर्णय या दोघींनी घेतला, आणि अंगणवाडी जन्मास आली. आधी अंग धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. साधने म्हणून शंखशिंपले, चिंचोके, खडे, पाने, बांबूच्या कांड्या, म्हणजे त्या मुलांच्या नित्य परिचयाच्याच वस्तू. गरिबीमुळे पत्करलेली ही तडजोड होती असे कोणी म्हणेल; मला तर ती माँटेसोरीच्या तत्त्वाची अधिक खरी अंमलबजावणी वाटते, कारण ज्या वर्गात आपल्याच किनाऱ्यावरचा शिंपला मोजावयास मिळतो, तेथे मुलाला परकेपणा वाटावा तरी कसा?

1957 मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेले. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी अडकून पडते, हे ओळखून येथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र भरविण्यात आल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा चालू लागली. हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलाला दोषी न ठरवता, आपलीच वेळ, जागा आणि रीत बदलण्याची ही तयारी सरकारी शाळाखात्यात क्वचितच आढळे. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. मधल्या काळात, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी हेच नाव मिळाले.

वाचकहो, आपल्या वस्तीतील अंगणवाडीत या जूनमध्ये अवश्य जा, आणि तोरण सुकून गेल्यावर, श्रावण-भाद्रपदातही, पुन्हा एकदा जा. मुलांच्या हाती खेळावयास काय आहे ते पाहा, आणि काही उणे दिसले तर ताईंना विचारून ते पुरे करा.