हायड्रोजनच्या मागावर: जीएमआरटीची वाटचाल

उटीची रेडिओ दुर्बीण उभारून झाल्यावर प्रा. गोविंद स्वरूप यांनी त्याहून मोठा घाट घातला. जागा ठरली जुन्नर तालुक्यातील खोडद. पुण्यापासून जवळ, तरी रेडिओ गोंगाटापासून दूर. तिथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहिल्या. १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या १६ तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत. सलग पत्र्याऐवजी दोरांवर ताणलेली बारीक पोलादी तारांची जाळी वापरली. मध्याशी १० मिलिमीटरचे चौकोन, कडेला २० मिलिमीटरचे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात राहिला. लांब रेडिओ लहरी मात्र या जाळीवरूनही परावर्तित होतात.

४ ऑक्टोबर २००१ रोजी ही महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, राष्ट्राला अर्पण झाली. दूरच्या विश्वातील हायड्रोजन शोधणे हा तिचा एक मूळ हेतू. तारे याच वायूतून घडतात आणि तो १४२० मेगाहर्ट्झवर अतिशय क्षीण संकेत देतो.

आधी शेजार धुंडाळला गेला. आएशा बेगम, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फिग्ज’ पाहणीत जवळच्या बटू दीर्घिका तपासल्या. एनजीसी ३७४१ या इवल्या दीर्घिकेभोवतीची वायूची तबकडी दृश्य भागाच्या आठपटीहून अधिक पसरलेली निघाली. वायू मुबलक, तारे मोजकेच! नुसता साठा पुरत नाही, वायू दाटावाही लागतो, हे अशा दीर्घिकांनी दाखवले.

दूरच्या दीर्घिकांचा संकेत विश्वाच्या प्रसरणामुळे खालच्या कंप्रतेवर येतो. २०१९मध्ये पूर्ण झालेल्या अद्ययावतीकरणाने जीएमआरटीचा कंप्रतापट्टा खूप रुंदावला आणि हा संकेत टप्प्यात आला. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, चेंगलूर आणि रामन संशोधन संस्थेतील सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या या दीर्घिकांत भरपूर हायड्रोजन होता. पण तारे इतक्या झपाट्याने घडत होते, की नवी भर पडली नसती तर तो शंभर-दोनशे कोटी वर्षांत संपला असता. विश्वातील तारानिर्मिती पुढे का मंदावली, याचे संभाव्य कारण हाती आले: कच्चा माल पुरेसा येईना.

हा शोध ऑक्टोबर २०२०मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रा. स्वरूप महिनाभर आधीच, ७ सप्टेंबरला गेले होते.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन जरूर जा आणि ती जाळी जवळून पाहा.