दुधात पाणी किती?

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूच्या आसपास राहणाऱ्या आयांनी मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे. "ताई, डब्याचं दूध बंद करून गाईचं कधी सुरू करू? आणि त्यात पाणी किती घालू?" सरकारी पोषण योजनेच्या, म्हणजे 'विक'च्या खिडकीवर मी बरीच वर्षं काम केलं. बाळ वर्षाचं झालं की तिथे पावडरच्या दुधाची कुपनं थांबायची आणि गाईच्या दुधाची सुरू व्हायची. त्यामुळे हैदराबादची असो, कराचीची असो की आपली सोलापूरची, प्रत्येक आई त्या वळणावर माझ्यासमोर येऊन बसायची. तिच्या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा याच शहराच्या आसपास घडला आहे.

१८८० च्या दशकात शिकागोला दूध यायचं ते खेड्यांतून, रेल्वेने, उघड्या कॅनमधून. वाटेत ते तापायचं आणि विकणारा त्यात पाणी मिसळायचा. उन्हाळा आला की जुलाबाने तान्ही मुलं दगावायची. क्षयाचे जंतू असलेल्या गाईंचं दूधही त्याच कॅनमध्ये ओतलं जायचं. १९०८ मध्ये शिकागोने वटहुकूम काढला की क्षयाची चाचणी झालेल्या गाईंचं दूध विका, नाहीतर पाश्चराइज करून विका. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत अशी सक्ती करणारं हे पहिलं शहर. गवळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी जोरदार विरोध केला, पण १९१६ पासून पाश्चरायझेशनची सक्ती पक्की झाली.

दरम्यान आयांना आणखी एक मार्ग मिळाला. याच राज्यातल्या हायलँड गावात १८८५ मध्ये आटवलेल्या दुधाचा कारखाना निघाला. डबा बंद, जंतू मेलेले, फ्रिज नको. १९३०-४० च्या दशकांत डॉक्टर बाळंतिणीच्या हातात एक चिठ्ठी देत: आटवलेल्या दुधाचा १३ औंसांचा एक डबा, १९ औंस उकळलेलं पाणी, दोन मोठे चमचे मक्याचा पाक. सकाळी एकदाच कालवायचं, बाटल्या भरायच्या, दिवसभर पुरवायच्या. अमेरिकेतली एक अख्खी पिढी या हिशेबावर वाढली. आटवलेल्या दुधाची प्रथिनं बाळाला जड जाऊ नयेत म्हणून पाणी, आणि पाण्याने कमी झालेलं बळ भरून काढायला पाक. लोह मात्र त्यात जवळजवळ नव्हतंच.

ती उणीव पावडरच्या डब्याने भरून काढली. डेव्हनच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर रेव्हन्सवूड आहे. तिथे वॉलेस ॲबट या डॉक्टरने १८८८ मध्ये औषधांचा उद्योग सुरू केला. त्याच कंपनीने १९६४ मध्ये सिमिलॅक हे पावडरचं दूध बनवणारी ओहायोतली कंपनी घेतली. लोह घातलेलं सिमिलॅक १९५९ पासून बाजारात होतं. दुसरीकडे याच शहराच्या उपनगरात, फ्रँकलिन पार्कमध्ये, १९५६ साली सात आयांनी एकत्र येऊन 'ला लेचे लीग' काढली आणि अंगावरचं दूधच बाळाचं खरं दूध, हे पुन्हा ठासून सांगायला सुरुवात केली.

आमच्याकडचा हिशेब वेगळ्या वाटेने आला. आईला दूध नसेल तर बकरीचं किंवा गाईचं द्यावं, हे वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तच आहे. पण महाराष्ट्रात घरोघरी रतीब असायचा तो बहुधा म्हशीचा. त्यात स्निग्धांश सहा-सात टक्के, म्हणून निम्मं पाणी घालायचं, वावडिंग टाकून उकळायचं, साय काढायची आणि बोंडल्याने पाजायचं. मुंबईत दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी तर हीच युक्ती अख्ख्या शहरासाठी वापरली. म्हशीच्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून 'टोन्ड' दूध तयार केलं. १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे कॉलनी उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. दुधात पाणी म्हटलं की आपल्याला लबाडी आठवते, पण तान्ह्यासाठी घातलेलं पाणी ही काळजी होती.

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आपली माणसं इथे येऊ लागली. १९६९ मध्ये शिकागोचं महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. १९७४ मध्ये डेव्हनवर पटेल बंधूंचं पहिलं किराणा दुकान उघडलं. डाळी, पोह्यांसोबत ग्राइप वॉटरही हाताशी आलं, आणि बाळंतपणाला आलेल्या आया आणि सासवा दुधाचा जुना हिशेबही घेऊन आल्या.

माझी मुलगी १९८४ च्या शरद ऋतूतली. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं होतं की सहा महिन्यांनंतर, बाळ वरचं नीट खात असेल, तर गाईचं दूध चालेल. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मुलगी सहा महिन्यांची झाली आणि १९८५ च्या मार्च-एप्रिलमध्ये शिकागोत साल्मोनेलाची साथ पसरली. मेलरोज पार्कमधल्या एका डेअरीतून बाहेर पडलेल्या पाश्चराइज्ड दुधातून ती आली होती. तपासणीत पक्के ठरलेलेच १६ हजारांहून अधिक रुग्ण होते. साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई पहिल्या दिवसापासून पिशवीतलं असो की कॅनमधलं, दूध तीन उकळ्या आणूनच वापरत. "अगं, दूध उकळल्याशिवाय लेकराच्या तोंडाला लावू नये," एवढंच त्यांचं म्हणणं. त्या महिन्यात त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. उकळीने तो जंतू मरतो.

त्या निम्मं पाणीही घालत, ते मात्र इथल्या दुधाला लागू नव्हतं. इथलं गाईचं दूध म्हशीच्या दुधासारखं दाट नव्हतंच. पाण्याने फक्त बळ जात होतं.

माझा मुलगा १९९३ मध्ये झाला तेव्हा नियम बदलला होता. अकादमीने १९९२ मध्ये सांगितलं की पहिलं वर्षभर गाईचं दूध देऊ नका. आयोवात एकहार्ट झीगलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की गाईच्या दुधामुळे काही तान्ह्यांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारं रक्त झिरपतं. गाईच्या दुधात लिटरमागे लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, तर लोह घातलेल्या पावडरच्या दुधात साधारण १२. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो. शिवाय प्रथिनं आणि क्षार जास्त, आणि ते बाहेर टाकायचं ओझं कोवळ्या मूत्रपिंडावर.

हे सगळं खिडकीवर मी रोज पाहिलं. दीड वर्षाचं पोर, हातात दुधाची बाटली, तळहात पांढरेफटक. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचो, यंत्रावर हिमोग्लोबिन कमी दिसायचं आणि आई म्हणायची, "दिवसभर दूधच तर पितो, मग अंगाला का लागत नाही?" दुधाने पोट भरलं की डाळ-भात, अंडं, नाचणी यांना जागाच उरत नाही. त्या आयांचं काही चुकत नव्हतं. दूध म्हणजे पूर्णान्न, हे आपण त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं होतं.

२०२२ मध्ये मिशिगनमधला पावडरचा मोठा कारखाना बंद पडला, दुकानांची फडताळं रिकामी झाली आणि माझा फोन पुन्हा वाजू लागला. काही जणी डबा पुरवायला पावडर कमी आणि पाणी जास्त घालत होत्या. त्याने रक्तातलं सोडियम उतरतं, बाळाला फिट येऊ शकते. अकादमीने तेव्हा सहा महिन्यांपुढच्या बाळांना थोडे दिवस गाईचं दूध चालेल, असं सांगितलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा ते अकरा महिन्यांच्या, अंगावर न पिणाऱ्या बाळांना पावडरचं किंवा जनावराचं, दोन्हीपैकी कुठलंही दूध चालेल म्हटलं. अमेरिकेतला सल्ला मात्र अजून वर्षाचाच आहे, आणि पोटभर वरचं खाणं व लोह यांची खात्री नसेल तर मीही तोच देते.

म्हणून आज विचारणारीला मी एवढं सांगते. वर्ष पूर्ण झालं की साय न काढलेलं पाश्चराइज्ड गाईचं दूध सुरू कर. रुळेपर्यंत डब्याच्या तयार दुधात रोज थोडं मिसळ. दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ, पाऊण लिटरच्या वर नाहीच. बाटली सोडून पेल्याने दे. आधी जेवण, मग दूध. सासूबाईंना उकळायचं असेल तर खुशाल उकळू दे, त्यांच्या काळात त्या उकळीने कित्येक मुलं वाचवली आहेत. पाणी मात्र गाईच्या दुधात थेंबभरही नको, आणि डब्याच्या दुधात डब्यावर लिहिलंय तेवढंच, एक थेंब कमी नाही की जास्त नाही.