मोगल तसबीरखान्यातील मरियम

अकबर बादशहाचा वकील १५७९ साली हुजुरांचे फर्मान घेऊन गोव्यात दाखल झाला, तेव्हा ख्रिस्ती धर्मशास्त्र जाणणारे विद्वान पाद्री आणि त्यांचे मुख्य ग्रंथ दरबारी रवाना करावेत, अशी मागणी त्यात होती. त्या फर्मानाला मान देऊन जेझुइट संघाने इटलीचा रुदोल्फो आक्वाविवा, कातालोनियाचा आंतोनियो मोन्सेरात आणि दुभाष्याच्या कामासाठी फारसी जाणणारा फ्रान्सिस्को हेन्रिक अशा तिघांची नेमणूक केली, आणि १५८० च्या प्रारंभी ही मंडळी फत्तेपूर सीक्रीस पोहोचली. त्यांनी नजर केलेल्या ग्रंथांत अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यात छापलेले बहुभाषी बायबल होते. त्याचा एकेक खंड हाती घेऊन बादशहाने त्याचे चुंबन घेतले व तो मस्तकी धरला, असे पाद्र्यांनी मोठ्या आशेने लिहून ठेवले आहे. ती आशा फलद्रूप झाली नाही. बादशहाने बाप्तिस्मा घेतला नाही. आक्वाविवा १५८३ साली गोव्यास परतला आणि त्याच वर्षी साष्टीतील कुंकळ्ळी येथे मारला गेला.

धर्मप्रसाराच्या दृष्टीने पाहणाऱ्याला ही सारी खटपट व्यर्थ वाटेल. परंतु दरबाराने जो धर्म स्वीकारला नाही, त्याच धर्माची चित्रे त्याच दरबाराच्या तसबीरखान्याने इतक्या आस्थेने आपलीशी केली की, मोगल चित्रकलेचा पुढील अर्धशतकाचा इतिहास त्यांच्या उल्लेखावाचून सांगताच येत नाही.

पाद्र्यांनी आणलेली चित्रे बहुतांशी कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली, केवळ काळ्या रेषांची होती. मोगल मुसव्विरांनी त्या रेषांत रंग आणि सुवर्ण भरले, आणि छायाप्रकाशाने अंगाला येणारी गोलाई व अंतराबरोबर लहान होत जाणारी क्षितिजावरची नगरे ही दोन तंत्रे त्यांतून आत्मसात केली. केसूदास या हिंदू चित्रकाराने संत जेरोमचे आणि देवदूतासह बसलेल्या संत मत्तयाचे चित्र याच रीतीने रेखाटले. अबुल हसन तर अवघ्या तेरा वर्षांचा असताना, १६०० च्या सुमारास, जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५११ च्या क्रूसारोहण-चित्रातील शोकाकुल संत योहानाची एकट्याची आकृती उचलून अशी काही रेखाटून गेला की, वस्त्राच्या प्रत्येक चुणीत आणि एकमेकांत गुंफलेल्या हातांत ते दुःख जसेच्या तसे उतरले. ज्याला त्या कथेत धर्म म्हणून श्रद्धा ठेवावयाची नव्हती, त्या मुलाने तिच्यातील मानवी शोक मात्र पूर्णपणे ओळखला होता.

ही ओळख आकस्मिक नव्हती. कुराणातील एक संपूर्ण सूरा येशूची माता मरियम हिच्या नावाने आहे; अकबराची माता हमीदाबानू हिचा किताब ‘मरियम-मकानी’ असा होता; आणि मोगलांच्या वंशकथेतील अलंकुवा ही पूर्वजा दिव्य प्रकाशापासून गर्भवती झाली, हे सांगताना अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने मरियमचाच दृष्टांत दिला आहे. सीक्रीच्या बुलंद दरवाजावर जगाला पुलाची उपमा देणारे जे वचन ईसाच्या, म्हणजे येशूच्या, नावाने कोरलेले आहे, तेही बायबलमधले नसून इस्लामी परंपरेतले आहे. पाद्री ज्या माता-पुत्राची तसबीर घेऊन आले, त्यांना या दरबारात मानाचे स्थान आधीच राखलेले होते.

पुढे जेरोम झेवियर या पाद्र्याने अब्दुस्सत्तार लाहोरी याच्या साहाय्याने ‘मिरात-उल-कुद्स’ हे ख्रिस्तचरित्र फारसीत रचून १६०२ साली पुरे केले, आणि मोगल चित्रकारांनी त्याच्या हस्तलिखितांसाठी चित्रे काढली. अकबराचा पुत्र जहांगीर याच्या कारकिर्दीत तर युरोपीय चित्रांतील पंखधारी बालदेवदूत बादशहाच्या सिंहासनाभोवती विहरू लागले आणि संतांच्या मस्तकामागील तेजोवलय बादशहाच्या मस्तकामागे शोभू लागले. कुषाणकालीन बुद्धमूर्तींना जी प्रभावळ होती, तीच परदेशी छापील चित्रांच्या वाटेने राजचिन्ह होऊन या भूमीत पुन्हा प्रविष्ट झाली आणि मोगलांकडून राजपूत दरबारांच्या चित्रांतही गेली.

हे चित्रकार केवळ नकला करणारे होते असे म्हणणे, अथवा पाद्र्यांचे सारे श्रम वाया गेले असे म्हणणे, सारखेच अन्यायाचे आहे. प्रतीक एका संस्कृतीतून दुसरीत जाते ते देणाऱ्याच्या हेतूने नव्हे, तर घेणाऱ्याच्या संचिताने. आणि ज्या संस्कृतीजवळ असे संचित विपुल असते, ती परक्याची पवित्र वस्तू निर्भयपणे स्वीकारू शकते, कारण तिच्या स्वीकाराने आपले काही हिरावले जाईल अशी धास्ती तिला नसते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात प्रोटेस्टंट पंथीय कॅथलिक प्रार्थनामंदिरांतील मूर्ती फोडीत होते, त्याच काळी एका मुसलमान बादशहाच्या कारखान्यात हिंदू आणि मुसलमान चित्रकार ख्रिस्ती संतांची चित्रे सुवर्णाने रंगवीत होते. आपल्या देशाच्या इतिहासातील हे पान आपण अभिमानाने वाचावे, इतक्या योग्यतेचे आहे.